पडद्याआडचा गुन्हा आणि रत्नागिरीचा वाडा

दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील रूपवती, सुविद्य आणि निर्भय स्त्री-हेर हे पात्र विलायती कादंबरीत बहुधा हौसेखातर वावरते. परंतु सुजाता मॅसी यांच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ या इंग्रजी कादंबरीत त्याला सबळ कारण लाभले आहे. १९२१ सालच्या मुंबईत वडिलांच्या कचेरीत वकिली करणारी, ऑक्सफर्डला शिकलेली पारशी तरुणी परवीन मिस्त्री एका मुसलमान गिरणीमालकाच्या तीन गोषानशीन विधवांच्या इस्टेटीचे दस्तऐवज तपासू लागते, आणि ज्या उंबरठ्यापाशी पुरुष वकील व फौजदार दोघेही थबकतात, तो ती सहज ओलांडते. या कल्पनेमागे नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी आहेत. ऑक्सफर्डला कायदा शिकणारी ही पहिली स्त्री १९०४ पासून कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या चाकरीत पडदानशीन जमीनदारिणींची सल्लागार होती. स्त्रियांना वकिलीची सनद मिळण्यातील कायद्याची आडकाठी मात्र १९२३ साली दूर झाली.

दुसऱ्या कादंबरीत परवीन सह्याद्रीतल्या एका कल्पित संस्थानात जाते. घाट उतरून ती आमच्या रत्नागिरीस आली असती तर! १९१० साली बांधून झालेला पदच्युत ब्रह्मी राजाचा थिबा राजवाडा, १९१६ साली राजा वारल्यानंतरही या गावी राहिलेली त्याची थोरली कन्या, आणि १९२४ पासून १९३७ पर्यंत सरकारी नजरेखाली स्थानबद्ध असलेले सावरकर: एवढी सामग्री कोणत्या कादंबरीकाराला आयती मिळते? मराठी लेखिकांनी हे दफ्तर आता उघडावे.