कुकरात जाईल तीच बाटली

मार्चच्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी तालुक्यात मोह गळायला लागतो. कोलाम, गोंड, परधान घरांतली माणसं पहाटे झाडाखाली पडलेली फुलं टोपलीत वेचून आणतात, अंगणात वाळवतात आणि पुढे बरेच महिने पुरवतात. वाळलेल्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त वाटा साखरेचा असतो. ही फुलं पाण्यात भिजत घातली, हवा तर त्यात थोडा गूळ टाकला, की काही दिवसांत भांडं फसफसू लागतं. त्याला विदर्भात सडवा म्हणतात. सडव्यासाठी यीस्टचं पाकीट आणावं लागत नाही. यीस्ट फुलांच्या अंगावर असतं आणि आधीचा सडवा ज्या मडक्यात किंवा ड्रममध्ये झाला त्याच्या भिंतींनाही चिकटलेलं असतं. सडव्यापुरतं हे चालून जातं. पण एखादं चांगलं यीस्ट हाती लागलं आणि ते पुढच्या खेपेसाठी, सहा महिन्यांसाठी किंवा वर्षभरासाठी जपायचं म्हटलं, की ते कशात ठेवायचं हा प्रश्न उभा राहतो.

कायद्याची बाजू आधीच सांगायला हवी. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे, मग ते घरच्यापुरतं का असेना. २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुलं गोळा करण्यावरची आणि साठवण्यावरची बंधनं सैल केली. दारू गाळायला त्यामुळे मोकळीक मिळाली नाही. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही आणि अमेरिकेच्या संघराज्याने १९७८ मध्ये तशी सूट दिली. त्यामुळे तिथे स्थायिक झालेल्या मराठी माणसाला हा छंद उघडपणे करता येतो. इथल्या वाचकाला हेच ज्ञान पावाच्या यीस्टसाठी, मोहाच्या किंवा उसाच्या रसाच्या शिरक्यासाठी, शाळा-कॉलेजच्या प्रयोगासाठी उपयोगी पडेल. यीस्ट जपण्याचे नियम सगळीकडे तेच आहेत.

माझं म्हणणं असं, की यीस्ट साठवायचं भांडं निवडताना पहिला आणि जवळजवळ शेवटचा प्रश्न एकच विचारावा: हे भांडं झाकणासकट प्रेशर कुकरमध्ये जाईल का? काच बरी की प्लास्टिक बरं, माती की स्टील, यावर भरपूर वाद घातला जातो. त्यातले बहुतेक मुद्दे आंबवण्याच्या भांड्याला लागू आहेत, साठवणीच्या भांड्याला नाहीत. शेतकरी खायचं धान्य पोत्यात भरून ठेवतो, पण पेरणीसाठी राखलेलं बियाणं वेगळं काढतो, वेगळं जपतो. हीच तफावत इथे आहे. आंबवणीच्या ड्रममध्ये अब्जावधी जिवंत पेशी साखरेवर तुटून पडलेल्या असतात. चुकून शिरलेले चार जंतू त्यांच्यापुढे टिकत नाहीत, आणि टिकले तरी आठवड्याभरात खेळ संपतो. साठवणीत यीस्ट झोपलेलं असतं आणि आत शिरलेल्या परक्या जंतूला महिनोन् महिने मोकळं रान मिळतं. ड्रममध्ये खपून गेलेली चूक बाटलीत सावकाश वाढत राहते.

याचा पुरावा बिअरच्याच इतिहासात आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेनने १८८३ मध्ये एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट प्रत्यक्ष उत्पादनात आणलं. बिअर अधूनमधून बिघडते आणि कडवट लागते, ती रानटी यीस्ट मिसळल्यामुळे, हे त्याने दाखवून दिलं. शुद्ध यीस्ट मिळवणं जितकं अवघड, तितकंच ते शुद्ध राखणंही अवघड होतं. हान्सेन यीस्ट छोट्या काचेच्या चंबूंत, उकळून निर्जंतुक केलेल्या साखरेच्या पाण्यात ठेवत असे. आज आपल्या पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तो १९५१ पासून चालू आहे. असे संग्रह यीस्ट काचेच्या परीक्षानळीत, तिरकं गोठवलेल्या अगार या जेलीसारख्या पदार्थाच्या थरावर वाढवून ठेवतात, किंवा शीतशुष्क करून काचेच्या बंद कुपीत. इतकी साधनं हाताशी असूनही त्यांनी छोटी, उष्णता सोसणारी काचच निवडली, आणि ती परंपरेच्या मोहापोटी निवडलेली नाही.

कुकरचा आग्रह कशासाठी, ते अंशांत पाहू. पाणी १०० अंशांना उकळतं. या तापमानाला यीस्ट, बुरशी आणि बहुतेक जीवाणू मरतात. पण काही जीवाणू जी कठीण कवचाची बीजाणुरूपं धारण करतात, ती उकळत्या पाण्यातूनही तगून निघतात. कुकरमधल्या दाबाखाली वाफेचं तापमान १२१ अंशांच्या आसपास जातं आणि तिथे पंधरा-वीस मिनिटांत तीही संपतात. दवाखान्यातला ऑटोक्लेव्ह याच तत्त्वावर चालतो. भारतातल्या बहुतेक स्वयंपाकघरांत हे यंत्र आधीच आहे. म्हणून भांड्याची निवड या १२१ अंशांवरच होते. थंड पेयाची रिकामी बाटली ज्या पारदर्शक प्लास्टिकची असते, ते ७०-८० अंशांनाच मऊ पडून आकसतं, ती बाद. ज्या डब्याच्या तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा असतो तो पॉलिप्रॉपिलीनचा. ते १२१ अंश सोसतं, पण त्यातून हळूहळू हवा झिरपते आणि त्यावर घासणीचे ओरखडे उठतात, म्हणून ते थोड्या दिवसांपुरतंच. स्टील उष्णतेला उत्तम, पण आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि वरची बुरशीची साय वेळेत दिसणं फार मोलाचं असतं. तांब्या-पितळेचा विचारच नको. आंबलेलं पाणी आम्ल असतं आणि कल्हई नसलेल्या पितळेत ताक कळकतं हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे.

उरते काच. जॅमची किंवा लोणच्याची साधी बाटली कुकरमध्ये टिकते, पण तिला एकदम ऊन-थंड सोसत नाही. बोरोसिलिकेट काचेच्या मानाने साधी काच उष्णतेने जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते, म्हणून कुकरमधून काढून गार ओट्यावर ठेवली की तडकते. ती कुकरमध्येच निवू द्यावी. प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात मिळणारी, स्क्रूच्या झाकणाची बोरोसिलिकेटची नळी किंवा छोटी बाटली हा माझ्या मते सर्वांत सरळ पर्याय आहे. एक मोठी बरणी घेण्यापेक्षा दहा ते पन्नास मिलिलिटरच्या पाच-सहा घ्याव्यात. यीस्टच्या दाट गाळात दर मिलिलिटरला अब्जाच्या घरात पेशी असतात, त्यामुळे मोठ्या भांड्याची गरजच नाही. शिवाय मोठी बरणी दर वापराला उघडावी लागते आणि प्रत्येक उघडण्यात हवा आत जाते. छोटी बाटली एकदा उघडली की वापरून संपते, बाकीच्या अस्पर्श राहतात.

काचेवर घेतला जाणारा सर्वांत रास्त आक्षेप म्हणजे ती फुटते, आणि नुसती पडून नाही, तर आतल्या दाबाने. त्याचा हिशोब भयंकर आहे. एका चमचाभर साखरेतून, म्हणजे साधारण चार ग्रॅममधून, यीस्ट जवळपास एक लिटर कर्बवायू तयार करतं. पन्नास मिलिलिटरच्या घट्ट बंद बाटलीत एवढा वायू कोंडला तर ती बाटली काचेच्या किरच्या उडवणारा फटाका होते. म्हणून प्लास्टिक वापरा, असा सल्ला दिला जातो. पण तिथे दोष काचेचा नाही, आत शिल्लक राहिलेल्या साखरेचा आणि घट्ट झाकणाचा आहे. प्लास्टिकची बाटली फुगून बसते. त्यामुळे जखम टळते एवढंच, आतलं यीस्ट काही शांत होत नाही. साखर पुरती संपल्यावर खाली बसलेला गाळच साठवायला घ्यावा, आणि पहिले काही दिवस झाकण पाव फेरा सैल ठेवावं.

सैल झाकणातून धूळ जाईल, हा पुढचा आक्षेप. याचं उत्तर यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही जिनिंगमध्ये गाठींच्या रूपात रचलेलं असतं. १८५४ मध्ये श्रोडर आणि फॉन डुश या दोन जर्मन संशोधकांनी दाखवलं, की उकळलेल्या रसाकडे जाणारी हवा कापसातून गाळून आली तर तो रस बरेचदा नासत नाही. वायू आरपार जातो, हवेतले जंतू धाग्यांच्या जाळ्यात अडकतात. तेव्हापासून प्रयोगशाळांतल्या नळ्यांना कापसाचं बूच लागलं, ते अजूनही लागतं. पण त्यासाठी औषधाच्या दुकानातला पांढराशुभ्र कापूस चालत नाही. तो धुऊन, उकळून त्यातलं नैसर्गिक मेण काढलेलं असतं. तो पाणी शोषतो आणि ओल्या बुचातून बुरशी आत उतरते. सरकी काढलेली कच्ची रुई अंगच्या मेणामुळे पाण्याला जवळ करत नाही, आणि बुचाला हवी ती तीच. रुईचा पेळू करून तो बोटभर खोल, हाताने उपसला तरच निघेल इतका घट्ट बसवावा, त्यावर कागद बांधून नळी कुकरमध्ये घालावी म्हणजे वाफेनेही बूच भिजत नाही. कापसाच्या या पट्ट्यात हे सामान जवळजवळ फुकट आहे. त्याची एकच उणीव: कित्येक महिन्यांत आतलं पाणी उडून जातं. दीर्घ साठवणीला म्हणून स्क्रूचं झाकणच, गॅस पुरता थांबल्यावर घट्ट केलेलं.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. पिढ्यान् पिढ्या माणसांनी कुकर, काच, अगार काही नसताना यीस्ट जपलंच ना? जपलं, आणि उत्तम जपलं. पण कसं, ते नीट पाहायला हवं. झारखंड-बंगालकडे हंडिया करणारे संथाळ, मुंडा लोक तांदळाच्या पिठात वनस्पतींची मुळं-साली मिसळून वड्या करतात. त्यांना रानू किंवा बाखर म्हणतात. वड्या पूर्ण वाळवून ठेवतात. नॉर्वेतल्या शेतकऱ्यांनी क्वाइक नावाचं यीस्ट लाकडी कड्यांवर आणि कापडावर वाळवून टांगलं. या सगळ्यांनी यीस्ट कोरडं केलं, आणि कोरड्या यीस्टवर जंतू वाढत नाहीत. तिथे भांड्यावर ओझंच उरत नाही, टोपलीही पुरते. ओलं यीस्ट मात्र मडक्यात ठेवलं तर झिलई नसलेल्या त्या सच्छिद्र भिंतीत यीस्टबरोबर आम्ल करणारे जीवाणूही घर करतात, आणि दर खेपेला त्यांचं प्रमाण बदलतं. मोहाच्या सडव्याला ही मिश्र वस्ती चालते, किंबहुना त्याची चव त्यातूनच येते. तिला कमी लेखायचं कारण नाही. पण जे यीस्ट आज आहे तेच वर्षभराने हवं असेल तर मडकं ते देऊ शकत नाही. चिनी मातीच्या बरणीवरची झिलई बारीक तडे गेलेली असली, तर तीही त्याच पंगतीत बसते.

रसायनाने धुतलेलं प्लास्टिक पुरेसं आहे, असंही काहीजण म्हणतात. आंबवणीच्या ड्रमला ते पुरतं. क्लोरीनचं पाणी किंवा ७० टक्के अल्कोहोल जंतूंची संख्या खूप घटवतं, पण ओरखड्यांतले आणि झाकणाच्या आट्यांतले जंतू त्याच्या हाती लागत नाहीत. वाफ तिथे पोचते.

राहिला विदर्भाचा उन्हाळा. पावाचं-बिअरचं नेहमीचं यीस्ट ४० अंशांच्या वर वाढणं थांबवतं, आणि मे महिन्यात इथला पारा ४५ ला टेकतो. फ्रिजमध्ये ४ अंशांना ठेवलेला गाळ काही आठवडे ते दोन-तीन महिने दमदार राहतो, अगारवरचं यीस्ट सहा महिन्यांच्या घरात. वीज तासन् तास जात असेल तर हा भरवसा डळमळतो. अशा ठिकाणी अल्डो कास्टेल्लानी या इटालियन डॉक्टरांनी १९३९ मध्ये सांगितलेली पद्धत मला सर्वांत व्यवहार्य वाटते. निर्जंतुक शुद्ध पाण्यात यीस्टचे थोडेच कण सोडायचे, पाणी जेमतेम धुरकट दिसेल इतके, आणि नळी घट्ट बंद करायची. खायला काही नसल्यामुळे पेशी वाढतही नाहीत आणि गॅसही करत नाहीत. घरातल्या साध्या तापमानालाही अनेक यीस्ट असे दीर्घकाळ जिवंत राहतात. पाण्याच्या छोट्या निर्जंतुक कुप्या औषधाच्या दुकानात मिळतात. यात भांड्याची परीक्षा मात्र सर्वांत कडक होते, कारण यीस्टची संख्या इतकी कमी असते, की शिरलेल्या जंतूशी झुंजायला कुणी नसतं. नळी कुकरमधून काढलेली हवी, झाकणाचं रबर सिलिकॉनचं हवं, आणि भरताना दिव्याच्या ज्योतीजवळ तोंड धरून काम उरकायला हवं. भरलेल्या नळ्या घरातल्या सर्वांत गार कोनाड्यात, उजेडापासून दूर ठेवाव्यात. प्रत्येकीवर यीस्टचं नाव आणि तारीख पेन्सिलने कागदावर लिहून चिकटवावी, कारण पेनची शाई ओलाव्याने पसरते. दर सहा महिन्यांनी एक नळी उघडून गुळाच्या उकळलेल्या पाण्यात टाकून पाहावी. दोन-तीन दिवसांत फेस आला तर बाकीच्या नळ्यांना हात लावायचं कारण नाही.