नाकातला चिवट जंतू

महिनोन्‌महिने चोंदलेलं नाक, घाण वास मारणाऱ्या खपल्या, अधूनमधून रक्त, आणि दुखणं मात्र जवळजवळ नाहीच. राइनोस्क्लेरोमाची सुरुवात बहुधा अशी होते. दुखत नसल्यामुळे माणूस औषधाच्या दुकानातून थेंब आणतो आणि वर्ष निघून जातं. जगभरात हा रोग विरळाच, पण भारतात दक्षिणेपेक्षा उत्तरेकडे अधिक आढळतो. त्यामुळे ग्वाल्हेरच्या इंदरगंजात कोणाची सर्दी अशी हटेनाशी झाली, तर डॉक्टरने हे नाव मनात ठेवायला हवं. जवळच १९४६ साली स्थापन झालेल्या गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाचं जयारोग्य रुग्णालय आहे. तिथल्या नाक-कान-घसा विभागाची वाट धरलेली बरी.

रोग क्लेब्सिएला कुळातल्या एका जिवाणूमुळे होतो. व्हिएन्नाच्या हेब्रा यांनी १८७० मध्ये या रोगाचं वर्णन केलं, तेव्हा नाकातली गाठ कर्करोगासारखी काहीतरी असावी असा समज होता. १८८२ मध्ये फ्रिश यांना त्यात जिवाणू सापडला.

पहिल्या टप्प्यात नुसत्या खपल्या असतात. दुसऱ्यात नाकात कडक, रबरासारख्या गाठी वाढतात, नाक फुगून बेढब होतं. तिसऱ्यात व्रण आकसून नाकाची वाट अरुंद होते. रोग घशात, स्वरयंत्रात आणि श्वासनलिकेतही उतरू शकतो. आवाज बसला किंवा श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर थांबू नये.

निदानाची किल्ली म्हणजे बायोप्सी. दुर्बिणीतून नाक पाहून गाठीचा तुकडा काढतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात मोठ्या, फेसाळ दिसणाऱ्या पेशी दिसतात, त्या मिकुलिच पेशी. या मुळात जंतू गिळणाऱ्या पेशी. पण इथे गिळलेला जंतू मरत नाही, पेशीच्या पोटात जिवंतच राहतो. दुसऱ्या टप्प्यात त्या भरपूर सापडतात, पहिल्या आणि तिसऱ्यात कमी, म्हणून एक अहवाल ‘काही नाही’ आला तरी शंका असल्यास तुकडा पुन्हा काढावा लागतो. कल्चरमध्ये जंतू साधारण निम्म्या रुग्णांतच उगवतो. आणि तपासणीच्या अर्जावर ‘राइनोस्क्लेरोमाचा संशय’ एवढं लिहिलं, तर पॅथॉलॉजिस्टचं काम फार सोपं होतं. क्षय, कुष्ठरोग, बुरशी, कर्करोग हे सगळं आधी वगळावं लागतं. रोग किती पसरला आहे हे सीटी स्कॅनवर कळतं.

उपचार लांबतो तो याच गिळलेल्या जंतूमुळे: औषध पेशीच्या आत पोचलं पाहिजे. जुन्या पद्धतीत स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं आणि टेट्रासायक्लिन असे. त्यातलं स्ट्रेप्टोमायसिन कानाला घातक ठरू शकतं, म्हणून श्रवणाची तपासणी करत द्यावी लागते. आता बहुधा सिप्रोफ्लॉक्सॅसिन देतात, आठवडे नव्हे, दोन-तीन महिने. ते दूध, लोहाच्या गोळ्या किंवा अँटासिडबरोबर घेतलं तर नीट शोषलं जात नाही. रिफॅम्पिसिनचाही वापर होतो. त्याने लघवी लालसर झाली तर घाबरू नये.

इथेच गडबड होते. महिनाभरात नाक मोकळं होतं आणि गोळ्या बंद पडतात. त्याहून वाईट म्हणजे निदानाआधीच पाच दिवसांचा सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा कोर्स: रोग जात नाही, फक्त जंतू दबतो आणि कल्चर निष्फळ ठरतं. खरं तर क्षय असेल, तर त्याचीही लक्षणं काही काळ झाकली जातात.

शस्त्रक्रिया औषधाला पर्याय नाही. वाट अडवणारी गाठ काढायला किंवा आकसलेला व्रण उघडायला ती लागते. श्वासच अडला, तर गळ्याला छेद देऊन नळी बसवावी लागते. नाकाचा आकार सुधारण्याची शस्त्रक्रिया रोग पूर्ण शमल्यावरच, कारण हा रोग उलटतो. औषध संपल्यावरही काही वर्षं दुर्बिणीने तपासत राहावं, आणि गरज वाटली तर पुन्हा बायोप्सी करावी.