उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी

रब्बीची कामं आटोपली की गटाचा ट्रॅक्टर शेडखाली उभा राहतो. मग मृगाचा पाऊस पडतो, वापसा येतो, आपण चावी फिरवतो आणि नुसता ‘टक्’ आवाज येतो. वापसा आपल्यासाठी थांबत नाही. भाड्याचा ट्रॅक्टर आणावा लागतो, वर नव्या बॅटरीचे हजारो रुपये. हे टाळता येतं. कसं, ते आज आम्ही सांगतो.

बॅटरी न वापरताही हळूहळू उतरते, उन्हाळ्यात तर जास्तच. उतरलेली तशीच ठेवली, तर आतल्या शिशाच्या प्लेटांवर कडक थर बसतो. मग ती चार्ज धरत नाही.

ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल, तर बॅटरीच्या वायरी सोडून ठेवा. आधी वजाची, मग अधिकची. जोडताना उलट, आधी अधिकची. वजाची वायर ट्रॅक्टरच्या लोखंडाला जोडलेली असते. ती तशीच ठेवून अधिकच्या टोकाला पाना लावला आणि तो लोखंडाला टेकला, तर मोठी ठिणगी उडते.

महिन्यातून एकदा मल्टिमीटर लावून बघा. बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असली की 12.6 च्या आसपास आकडा दिसतो. 12.4 च्या खाली गेला, तर चार्जिंगला लावा. काही जणी आठवड्याला पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करतात. स्टार्टर एका दमात बरीच वीज खातो, ती पाच मिनिटांत नीट भरून निघत नाही. चालू केलाच तर अर्धा-पाऊण तास चालवा.

झाकणं असलेल्या बॅटरीत प्लेटा पाण्याखाली बुडालेल्या हव्यात. पाणी डिस्टिल्डच घाला. विहिरीच्या, बोअरच्या पाण्यातले क्षार बॅटरी खराब करतात. वरून ॲसिड घालू नका. टोकांवर पांढरा-हिरवा थर आला, तर झाकणं घट्ट लावून खायच्या सोड्याच्या पाण्यानं पुसा, कोरडं करा आणि व्हॅसलीन लावा.

आता जपायचं कसं? हातातल्या धातूच्या बांगड्या काढा, मंगळसूत्र आत घ्या, पदर खोचा. धातू दोन्ही टोकांना टेकला तर क्षणात तापून भाजतो. चार्जिंगच्या वेळी पेटणारा वायू निघतो, म्हणून जवळ चूल, दिवा, विडी नको. डोळ्यात ॲसिड उडालं, तर लगेच पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्यानं धुवा आणि दवाखाना गाठा.

गटाच्या मासिक बैठकीच्या दिवशीच बॅटरी तपासा. पाहणाऱ्या दोघींची नावं आणि व्होल्टचा आकडा बचतीच्या रजिस्टरमध्येच लिहा. आकडा दर महिन्याला घसरताना दिसला, तर पेरणीच्या आधीच मेकॅनिकला बोलावता येईल.