भूऔष्णिक वीज आणि आकड्यांचा कात्रजचा घाट

कात्रजला राहणाऱ्याला ‘कात्रजचा घाट दाखवणे’ म्हणजे काय, ते सांगावं लागत नाही. शोधनिबंध वाचताना सरासरीचे आकडेही कधीकधी हा घाट दाखवतात. भूऔष्णिक विजेचंच उदाहरण घ्या.

एक युनिट विजेमागे किती कार्बन उत्सर्जन? आयपीसीसीच्या २०१४ च्या अहवालात मध्यक ३८ ग्रॅम आहे, कोळशाचा ८२०. पण बर्तानी आणि थेन यांच्या २००२ च्या जागतिक सर्वेक्षणात सरासरी १२२ ग्रॅम येते, आणि पल्ला ४ ते ७४०! गंमत बघा: पहिल्या आकड्यात बांधकामापासूनचा सगळा हिशेब आहे, तरी तोच लहान. कारण तो निवडक अभ्यासांचा मध्यक आहे, तर दुसरी चालू प्रकल्पांची सरासरी.

एवढा फरक का? इथे इंधन जळत नाही. वायू जमिनीखालच्या गरम पाण्यात विरघळलेला असतो. दाब कमी करून वाफ काढली की तोही बाहेर पडतो. खाली चुनखडीसारखे खडक असले, जसे पश्चिम तुर्कस्तानात, तर तो खूपच जास्त असतो. ‘बायनरी’ प्रकल्पात मात्र पाणी फक्त उष्णता देतं आणि बंद नळीतूनच परत जमिनीत जातं. त्यामुळे वायू जवळजवळ सुटत नाही.

आता आपल्या कोकणात या. उन्हवरेचं पाणी साधारण ७० अंशांचं. भोवतालचं तापमान ३० अंश धरलं, तर कमाल सैद्धांतिक कार्यक्षमता (३४३ − ३०३) ÷ ३४३, म्हणजे जेमतेम १२ टक्के. प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी, आणि त्यातूनही पंपांची वीज वजा करायची. खोलवर पाणी जास्त गरम असू शकतं, पण वरच्या पाण्यापुरतं बोलायचं तर बायनरीच शक्य. म्हणजे धूर नाही, पण वीजही थोडी. मग विहिरी खोदण्याचं, पोलाद-सिमेंटचं उत्सर्जन कमी युनिटांमध्ये वाटलं जातं आणि दर युनिटचा आकडा वाढतो.

आइसलँडमध्ये २०१२ पासून हा वायू बेसाल्टमध्ये सोडून त्याचा दगड करतात. कात्रजचा घाटही बेसाल्टचाच, म्हणून लगेच उडी मारू नका. आपला बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. त्याच्या बऱ्याच पोकळ्या झिओलाइटसारख्या खनिजांनी आधीच भरल्यात.

तेव्हा तुलनेचा तक्ता करण्याआधी तीन गोष्टी तपासा: हिशेबाची हद्द कुठपर्यंत, प्रकल्प कोणत्या प्रकारचा आणि युनिट एकूण की निव्वळ.