हिमलोट आणि स्कीपटूचा मार्ग

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत बांधकामासाठी ओतलेल्या कोरड्या वाळूच्या ढिगाकडे पाहिले असता, त्याच्या बाजूंचा उतार पस्तीस अंशांपलीकडे सहसा जात नाही असे दिसून येते. अधिक वाळू टाकताच ती ओघळते. हिमाचे तसे नाही. हिमकण परस्परांना चिकटत असल्यामुळे ते याहून तीव्र उतारावरही साठून राहतात. या दृष्टीने वाळू अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल.

काश्मीरमधील गुलमर्ग येथे २००५ मध्ये सुरू झालेला रज्जुमार्गाचा दुसरा टप्पा अफरवट पर्वताच्या अंगावर सुमारे ३,९५० मीटर उंचीपर्यंत जातो. तेथून यंत्राने दाबलेला आखीव मार्ग सोडून अस्पर्श हिमावरून उतरणे निष्णात स्कीपटूंना विशेष प्रिय असते. त्यांना आवडणारा उतार साधारणतः तीस ते पंचेचाळीस अंशांचा असतो. आणि बहुतेक घातक हिमलोटही याच उतारांवर सुटतात. याहून सौम्य उतारावर हिम सहसा घसरत नाही, तर फार उभ्या उतारावर ते साठण्यापूर्वीच झडून जाते.

यामागील कारण हिमाच्या थरांत दडलेले असते. जमिनीलगतचे हिम शून्य अंशाच्या आसपास राहते, पृष्ठभाग मात्र निरभ्र रात्री अत्यंत थंड होतो. थर पातळ असून तापमानातील फरक दर मीटरला सुमारे दहा अंशांहून अधिक झाला, म्हणजे बाष्प खालून वर सरकते व तळचे कण साखरेसारखे सुटे आणि कोनदार बनतात. त्यांवर नवे हिम पडून वाऱ्याने त्याची घट्ट लादी झाली, की वरून काहीही ओळखू येत नाही. स्कीपटूच्या भाराने दुबळा थर एका ठिकाणी ढासळतो, भेग लादीखालून क्षणार्धात दूरवर धावते आणि सारा उतार एकदम सुटतो. म्हणूनच अशा अपघातांत हिमलोट बहुधा बळी पडलेल्याने अथवा त्याच्या सोबत्यांनीच सोडलेला असतो. आधीच्या स्कीपटूच्या खुणा हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. लादी जेथे पातळ, तेथे पुढच्याचा भार तळापर्यंत पोहोचू शकतो.

१ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या उतारावर दोन पोलिश स्कीपटू, तर २२ फेब्रुवारी २०२४ रोजी खिलनमर्ग परिसरात एक रशियन स्कीपटू हिमलोटात मृत्युमुखी पडला. गाडल्या गेलेल्यांपैकी पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेले दहांत सुमारे नऊ जण वाचतात. पुढे गुदमरल्याने हे प्रमाण झपाट्याने घटते. पायथ्याहून पथक येईपर्यंत हा अवधी बहुधा उलटून गेलेला असतो. त्यामुळे संकेत देणारे व टिपणारे यंत्र, लांब शोधकाठी आणि फावडे प्रत्येकाजवळ असावे लागते, आणि संशयास्पद उतार एकेकाने ओलांडावा लागतो, म्हणजे खणावयास कोणीतरी मागे उरते.