हिरवळीखाली दडलेय काय?

नव्या गृहसंकुलाच्या नकाशात मधोमध एक हिरवा तुकडा रंगवलेला असतो. त्यात हिरवळ, कडेने झाडे आणि बहुधा एखादे कारंजे. तो पाहताना आपण एक प्रश्न विचारायला हवा: या हिरव्या रंगाखाली काय आहे? पुण्या-मुंबईत आता बऱ्याचदा उत्तर मिळते, ‘मोटारी!’ वाहनतळाच्या स्लॅबवर माती पसरून ही बाग केलेली असते.

आता थोडे गणित करू. समजा, मातीचा थर ३० सेंमी जाडीचा आहे. म्हणजे दर चौरस मीटरवर ०.३ घनमीटर माती आली. पावसात चिंब भिजलेली माती घनमीटरला सुमारे १८०० ते २००० किलो भरते. म्हणजे चौरस मीटरवर झाले ५४० ते ६०० किलो. राहत्या खोलीत माणसे आणि सामान मिळून चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात. तेव्हा बाग नंतर सुचून चालत नाही. स्लॅबचे आराखडे करतानाच ती मोजावी लागते. भिजल्यावर वजन किती वाढते, हे वर्गात सहज पाहता येईल. डबाभर कोरड्या मातीचे वजन करा, मग मातीवर पाणी तरंगू लागेपर्यंत हळूहळू ओता आणि पुन्हा वजन करा. जेवढे ग्रॅम वाढले, जवळजवळ तेवढे घनसेंटिमीटर मातीत रिकामे होते. मुळे श्वास घेतात ती याच पोकळ्यांतल्या हवेवर. म्हणून मातीखाली खडीचा थर आणि पाण्याला उतार हवाच. नाहीतर मुळे गुदमरतात, आणि खाली मोटारींवर गळती सुरू होते ती वेगळीच.

एवढ्या मातीत गवत आणि लहान झुडपे जगतील. वृक्षाला मात्र किमान मीटरभर खोली लागते, शिवाय मुळे पसरायला आजूबाजूलाही ऐसपैस जागा हवी. आम्हाला विचाराल तर संकुलाच्या एका बाजूचा पट्टा खाली काहीही न बांधता मोकळा ठेवावा आणि तिथे कडुनिंब, बकुळ, बहावा लावावेत. गुलमोहर झटपट वाढतो, पण मूळचा मादागास्करचा हा पाहुणा फांद्यांचा ठिसूळ, वाऱ्यात मोडतो.

हिरवळ मोठी असावी, असा आग्रह का असतो कोण जाणे! भर उन्हाळ्यात तिला रोज चौरस मीटरला ५ लिटरच्या आसपास पाणी लागते. ५०० चौरस मीटरला २५०० लिटर. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरले, तर हे १८ माणसांचे पाणी झाले. टँकर मागवणाऱ्या सोसायटीने ते सांडपाणी शुद्ध करूनच मिळवावे.

पानांतून पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते. एका लिटरमागे सुमारे २४०० किलोज्यूल. एवढ्या उष्णतेत ७ लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत नेता येईल. हे काम गवतही करते, पण सावली देत नाही. मे महिन्यात दुपारी दोन वाजता हिरवळीवर, फरशीवर आणि झाडाखाली विद्यार्थ्यांना तापमापक धरायला सांगा. उन्हात त्याच्या फुग्यावर पुठ्ठ्याची सावली धरायला मात्र विसरू नका.