मोबाईलमधला चोर कसा धरावा?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, गोष्ट आमच्या मंठ्यातली आहे. दोन-तीन वर्षांपूर्वीचा खरीप. सोयाबीन शेंगांवर आलं होतं. एका संध्याकाळी शेजारचे काका आमच्या ओट्यावर येऊन बसले. हातात मोबाईल होता, पण विंचू धरावा तसा, जपून धरलेला.

"सर, ह्यानं पार वैताग आणलाय. पिकाचा फोटो काढायला गेलो की मधीच म्हणतंय, ॲप प्रतिसाद देत नाही. रानात चार खेपा झाल्या. पाच दिवसांनी मुदत संपतीय."

आपल्या राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतः बांधावर जायचं, उभ्या पिकाचा फोटो मोबाईलमध्ये घ्यायचा आणि नोंद करायची. ती नोंद सातबाऱ्यावर चढते. म्हणजे मोबाईलची कुरकुर ही आता करमणुकीतली अडचण राहिलेली नाही, ती थेट सातबाऱ्यापर्यंत पोचली आहे.

काका आधी एका दुकानात जाऊन आले होते. तिथं सांगितलं, "फॉरमॅट मारावा लागेल." फॉरमॅट म्हणजे फोन पुसून कोरा करणं. त्या फोनमध्ये काकांच्या थोरल्या भावाचे आवाजी निरोप होते. भाऊ आदल्या वर्षी वारले होते. काका म्हणाले, "फोन गेला तर दुसरा घेईन, पण तो आवाज कुठून आणू?" मी म्हणालो, "काका, दोन दिवस द्या. आधी चोर शोधू. घर पाडायचं की नाही ते मागून ठरवू."

तो शोध कसा घेतला, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे. यात इंजिनिअर होण्याची गरज नाही. थोडा धीर, एक वही आणि एक पेन्सिल एवढं पुरतं.

आधी निरोप नीट वाचा

आपली पहिली चूक अशी की पडद्यावर काही उमटलं की आपण न वाचता 'ओके' दाबून मोकळे होतो. तो निरोप म्हणजे फोनची तक्रार असते, आणि तक्रार ऐकून घेतल्याशिवाय निवाडा करता येत नाही.

अँड्रॉइड फोनवर प्रामुख्याने दोन तऱ्हेचे निरोप येतात. 'अमुक ॲप थांबले आहे' किंवा 'वारंवार थांबत आहे' असा निरोप आला, तर त्या ॲपला चालता चालता ठेच लागून ते कोसळलं आहे. 'अमुक ॲप प्रतिसाद देत नाही' असा आला, तर ते कोसळलेलं नाही, अडकून बसलं आहे. तुम्ही पडद्याला बोट लावलं आणि साधारण पाच सेकंदांत ॲपने दाद दिली नाही, की फोन हा निरोप दाखवतो. म्हणजे पहिल्या निरोपात बहुधा ॲपमध्येच बिघाड असतो. दुसऱ्यात मात्र ॲप निर्दोष असूनही फोनची दमछाक झालेली असू शकते.

यानंतर नाव पाहा. निरोपात दर वेळी एकाच ॲपचं नाव येतं की आज एक, उद्या दुसरं? एकच नाव येत असेल तर त्या ॲपपासून सुरुवात करा. नवी आवृत्ती आली असेल तर ती घ्या. मग सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या पानावर जाऊन 'कॅशे' साफ करा. कॅशे म्हणजे ॲपने कामाच्या सोयीसाठी जवळ ठेवलेली अडगळ, ती गेली तरी बिघडत नाही. त्याच्या शेजारीच 'डेटा साफ करा' असतं, तिथं मात्र हात आवरा. त्यात तुमच्या न पाठवलेल्या नोंदीही जाऊ शकतात.

काकांच्या फोनवर नावं बदलत होती. कधी पीक पाहणीचं ॲप, कधी कॅमेरा, कधी तर फोन लावायचा साधा डायलरसुद्धा. काकांनी राग मात्र पीक पाहणीवर धरला होता, कारण गरज तिची होती. आपल्याकडे म्हणतात ना, चोर सोडून संन्याशाला फाशी! ज्याचं नाव पडद्यावर येतं तोच गुन्हेगार असेल असं नाही. पुष्कळदा तो बिचारा त्या वेळी समोर उभा असतो, एवढाच त्याचा अपराध.

नाव एकाचं, दोष दुसऱ्याचा

हे केवळ आमच्या काकांच्याच बाबतीत घडलं असं नाही. मार्च २०२१ मध्ये हाच अनुभव साऱ्या जगाला आला. २२ मार्चच्या सुमारास, आपल्याकडे २३ तारीख उजाडेपर्यंत, असंख्य अँड्रॉइड फोनवर ॲप्स उघडली की लगेच बंद पडू लागली. जीमेलचाही त्यात समावेश होता. करोनाची दुसरी लाट वाढत होती, शाळा आणि कचेऱ्या फोनवर चालल्या होत्या. लोकांनी जीमेल काढून टाकलं, पुन्हा घातलं, फोन बंद-चालू केला. उपयोग शून्य.

दोष जीमेलचा नव्हताच. तो 'अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू' नावाच्या घटकात होता. हे काय असतं? अनेक ॲप्सना आपल्या पोटात एखादं वेबपान दाखवावं लागतं. त्यासाठी प्रत्येकाने वेगळी यंत्रणा न बांधता सगळी ॲप्स ही एकच सामायिक यंत्रणा वापरतात. रानातल्या डीपीवर जशा दहा शेतकऱ्यांच्या मोटारी चालतात, तसंच हे. डीपी उडाला की दहाही मोटारी बंद. तेव्हा प्रत्येकाने आपापली मोटार विहिरीतून काढून उघडली तर हाती काय लागणार? ज्यांनी वेबव्ह्यूची नुकतीच आलेली सुधारणा काढून टाकली त्यांची ॲप्स चालू झाली, आणि काही तासांत गूगलने वेबव्ह्यू व क्रोमची दुरुस्त आवृत्ती पाठवली.

यातून एक नियम लक्षात ठेवावा. एकाच दिवशी अनेक ॲप्स कुरकुरू लागली, तर त्या सगळ्यांच्या मागे असलेलं एक काहीतरी शोधायचं. गावातल्या इतरांच्याही फोनवर तेच होत असेल, तर फोनला हात लावू नका. दुरुस्ती वरून येईल, तिची वाट पाहा.

अर्धे बाजूला, अर्धे समोर

काकांच्या फोनचं गाऱ्हाणं मात्र त्यांच्या एकट्याचं होतं. आधी साध्या गोष्टी पाहिल्या. फोन बंद करून चालू केला. तारीख-वेळ बरोबर आहे ना ते पाहिलं, कारण ती चुकली तर इंटरनेटवरची कामं अडतात. फोनमधली जागा पाहिली. शुभ सकाळच्या फुलांनी बरीच व्यापली होती, ती मोकळी केली. थोडा फरक पडला, पण निरोप थांबले नाहीत.

मग 'सेफ मोड' लावला. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये बंद करण्याचं बटण दाबलं की 'पॉवर ऑफ' येतं, त्यावर बोट दाबून धरलं की सेफ मोडची विचारणा होते. काही कंपन्यांच्या फोनमध्ये रीत थोडी वेगळी असते. या अवस्थेत फोनची मूळची ॲप्स तेवढी चालतात, आपण बाहेरून घेतलेली सगळी गप्प बसतात. काही पुसलं जात नाही. फोन पुन्हा चालू केला की सारं पूर्ववत होतं. सेफ मोडमध्येही निरोप येत राहिले, तर दोष फोनच्या मूळ यंत्रणेत किंवा त्याच्या सुट्या भागांत असू शकतो. थांबले, तर चोर आपणच घरात घेतलेला आहे.

काकांचा फोन सेफ मोडमध्ये तीन तास सुतासारखा सरळ चालला. कॅमेरा झटक्यात उघडला. म्हणजे चोर बाहेरून आलेल्यांतच होता. मोजली तर अशी ॲप्स बत्तीस निघाली! काका थक्क झाले. "एवढी मी कधी घेतली?" नातवंडांनी खेळ घातले होते, कुणी टॉर्च दिला होता, कुणी पंचांग.

आता बत्तीस जणांची झडती एकेक करून घ्यायची का? नाही. इथं आपल्या गावच्या वायरमनची युक्ती कामाला येते. स्टार्टरपासून विहिरीपर्यंतच्या लांब वायरीत कुठं तरी तुटलं असेल, तर तो वीतवीत तपासत जात नाही. मधल्या जोडावर टेस्टर लावतो. तिथं करंट असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचं अर्धं. आम्ही तेच केलं. सोळा ॲप्स सेटिंग्जमध्ये जाऊन 'सक्तीने थांबवा' या बटणाने थांबवली आणि फोन नेहमीसारखा वापरला. निरोप येतच राहिला, म्हणजे चोर उरलेल्या सोळांत. त्यातली आठ थांबवली. मग चार, मग दोन, मग एक. बत्तिसांतून एक गाठायला पाच खेपा पुरल्या.

यात दोन पथ्यं पाळावी लागतात. पहिलं, एका वेळी एकच बदल करायचा. ॲप्सही थांबवली, जागाही मोकळी केली, फोनही सुधारला असं एकदम केलं, तर गुण कशाचा ते कळत नाही. दुसरं, पुरेसा वेळ वाट पाहायची. निरोप तासाभराने येत असेल, तर दहा मिनिटं शांत गेली म्हणून दोष गेला असं समजू नये. आम्ही प्रत्येक खेपेला तीन तास दिले.

दुसऱ्या दिवशी रात्री चोर सापडला. तो होता फोन 'साफ' करून 'वेगवान' करण्याचा दावा करणारं एक ॲप! ते पाठीमागे सतत सगळा फोन धुंडाळत होतं आणि वर जाहिराती आणत होतं. फोन जुना, त्याची ताकद बेताची. सगळी ताकद या सफाई कामगारानेच खाल्ली, आणि समोरच्या ॲपला पाच सेकंदांत उत्तर देणं जमेना. नाव मात्र पीक पाहणीचं खराब झालं.

खात्रीसाठी ते ॲप पुन्हा चालू केलं. तासाभरात निरोप हजर! ही उलटतपासणी महत्त्वाची आहे. काढल्यावर दोष जातो आणि घातल्यावर परत येतो, तेव्हाच गुन्हा शाबीत झाला म्हणायचं. मग ते कायमचं काढून टाकलं. सकाळी काका रानात गेले आणि पहिल्याच खेपेत फोटो झाला.

वही का ठेवावी?

आम्ही हे सगळं वहीत लिहीत होतो. किती वाजता कोणता निरोप आला, काय थांबवलं, काय झालं. ही सवय जुनी आणि थोरामोठ्यांची आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचं 'मार्क टू' हे संगणकयंत्र चुकू लागलं. शोध घेता घेता एका रिलेमध्ये अडकलेला पतंग सापडला. तंत्रज्ञांनी तो काढून चिकटपट्टीने नोंदवहीत डकवला आणि शेजारी नोंद केली. बिघाडाला 'बग' म्हणण्याची रीत त्याआधीपासून होती, पण इथं खराखुरा कीटक हाती लागला. ते पान वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जपून ठेवलेलं आहे.

काही निरोप बनावट असतात

शेवटी एक सावधगिरी. 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे, लगेच इथं दाबा' असा निरोप फोनचा नसतो, ती जाहिरात असते. अशी जाहिरात अचानक पडदा व्यापून बसली, तर नुकतीच वापरलेली ॲप्स दाखवणारं बटण दाबा. ती कोणत्या ॲपमधून आली त्याचं चिन्ह बहुधा तिथं दिसतं. वरून उतरणाऱ्या सूचनेवर बोट दाबून धरलं, तरी पाठवणाऱ्या ॲपचं नाव कळतं.

याहून घातक प्रकार म्हणजे व्हॉट्सॲपवर येणारी 'एपीके' फाईल. वाहनाचा दंड, बँकेची केवायसी, सरकारी योजनेचा हप्ता अशी नावं घेऊन ती येते. उघडली की एसएमएस वाचण्याची परवानगी मागते, आणि मग ओटीपी तुमच्याआधी चोराच्या हाती पडतो. अशी फाईल घातल्यानंतर फोन विचित्र वागू लागला असेल, तर झडतीत वेळ घालवू नका. फोनचं इंटरनेट तोडा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. तिथं मिनिटामिनिटाला किंमत असते.

फॉरमॅट हा उपाय वाईट नाही, पण तो शेवटचा. आणि त्याआधी फोटो, क्रमांक, आवाजी निरोप यांची प्रत दुसरीकडे ठेवलीच पाहिजे. काकांच्या भावाचे निरोप आम्ही त्याच आठवड्यात दुसऱ्या फोनमध्ये आणि एका पेनड्राइव्हवर उतरवून ठेवले. आता काका कुणाचाही फोन कुरकुरला की आधी विचारतात, "निरोप वाचला का? नाव कुणाचं आहे?" आणि मग हळूच म्हणतात, "नावावर जाऊ नका बरं."